दादा, घोटा सोडायचा का?

खराडीत ईऑन आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आणि जुनं गावठाण यांच्यात फार अंतर नाही. आठवडाभर मी इमारतींमध्ये असतो आणि रविवारी सकाळी गावठाणातल्या दहा-बारा पोरांना कबड्डीतली पकड शिकवतो. मागच्या महिन्यात एकानं विचारलं, "दादा, घोटा हातात आलाय, पण रेडरचा पाय भलताच वळतोय. मग सोडायचा का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण मी एकदा सोडला नव्हता.

कॉलेजात असताना, गावच्या जत्रेतल्या सामन्यात मी डाव्या कोपऱ्यावर होतो. रेडरचा घोटा मी धरला आणि त्याच क्षणी आमच्या कव्हरनं बाजूनं डॅश मारला. पाऊल माझ्या हातात अडकलेलं, धड दुसरीकडे ढकललेलं, सगळा भार मधल्या गुडघ्यावर. शिट्टी झाली, गुण मिळाला, लोक ओरडले. तो मुलगा त्यानंतर खेळला नाही. मला कुणी दोष दिला नाही.

नियमानंही दिला नाही. गळा धरणं, तोंड दाबून दम रोखणं, पायांची कैची घालणं, दुखापत होईल अशी हिंसक पकड करणं, हे सगळं कबड्डीत निषिद्ध आहे. पण घोटा धरणं चालतं, डॅशही चालतो. दोन्ही एकाच वेळी झाले की गुडघा जातो. चूक नेमकी कुणाची, हे मग पंचालाही सांगता येत नाही.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये टॅकल हा खेळाचा जीव. (2012 मध्ये भारतीय खेळाडूंच्या एलिट फुटबॉल लीगमध्ये 'पुणे मराठाज' नावाचा संघही होता.) तिथे खेळाडूंच्या रक्षणासाठी टणक हेल्मेट आलं आणि त्याच्या भरवशावर खेळाडू डोकं खाली घालून धडकू लागले. माना मोडू लागल्या. 1976 मध्ये शाळा-कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये अशा धडकेवर बंदी आली आणि मानेच्या गंभीर दुखापती झपाट्यानं कमी झाल्या. तेव्हापासून शिकवण अशी की डोकं वर ठेवा, ज्याला अडवायचं तो दिसू द्या, खांदा लावा, हातांनी कवळा.

मीही जवळपास तेच शिकवतो. डोकं वर, नजर रेडरच्या कमरेवर, कारण हातपाय हूल देतात, कंबर सहसा देत नाही. एकानं घोटा धरला की दुसऱ्यानं धडकायचं नाही. कंबर कवळून मागे ओढायचं. अशी पकड सुटायलाही अवघड असते. म्हणजे सुरक्षित तेच परिणामकारक. प्रशिक्षकांना हे वाक्य फार आवडतं, मलाही. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

त्या पोराचा प्रश्न मात्र उरलेल्या वेळेचा होता. शेवटचा मिनिट आहे, मैदानात आपले तिघेच आहेत, पकड झाली तर सुपर टॅकलचे दोन गुण आहेत. तेव्हा काय करायचं?

'खेळ म्हटला की लागणारच' असं लोक म्हणतात. रेडर स्वतःच्या पायांनी सात जणांच्या अंगणात येतो, धोका पत्करूनच येतो, हे मान्य. पण त्यानं पत्करलेला असतो अपघात. त्याचा पाय वळतोय हे मला कळलं, तिथून पुढे तो अपघात राहत नाही. तिथून पुढे मी ओढतो, ते मी केलेलं असतं.

अडचण एवढीच, की त्या अर्ध्या सेकंदात कुणी विचार करत नाही. हात सवयीनं चालतात. म्हणजे सोडायचं की धरायचं, हा निर्णय सामन्यात होतच नाही. तो आधीच सरावात झालेला असतो. आमच्या सरावात आम्हाला फक्त घट्ट धरायला शिकवलं होतं. हे सांगून मी माझी सुटका करून घेत नाही. पण आता शिकवणारा मी आहे, त्यामुळे या पोरांच्या हातांना कोणती सवय लागते त्याचा जाब मलाच द्यावा लागेल.

आता कोपऱ्यावरचा पोरगा घोटा धरताच "घोटा!" असं ओरडतो आणि कव्हर डॅश थांबवून कमरेकडे वळतो. हे आम्ही दर रविवारी तीस-चाळीस वेळा घोटतो. हात सोडण्याचाही सराव करतो.

त्या पोराला मी शेवटी सांगितलं, "सोड."

"गुण जाईल, दादा."

"जाईल," मी म्हटलं.

त्याला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. पुढच्या रविवारी मात्र तो वेळेवर आला.