हाडाची परवानगी

वाकडे दात सरळ करणं म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ आहे का? धुळ्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न अधूनमधून येतोच, आणि विचारणारी बहुधा आजी असते. नात तार लावायला निघालेली, आई खर्चाचा हिशेब मांडत बसलेली, आणि आजी मला अहिराणीत सुनावते, “देवनी दिधात ना दात, मंग काब्रं हालावतस?” म्हणजे, देवाने दिलेत ना दात, मग कशाला हलवता?

मी हिरड्यांची डॉक्टर. तारा मी लावत नाही. धुळ्या-जळगावातले तार लावणारे डॉक्टर हिरडी पातळ असलेले किंवा खाली सरकलेले पेशंट माझ्याकडे पाठवतात. मूळ उघडं पडलेला दात गार पाण्याच्या घोटासरशी कसा सणकतो, हे मला रोज ऐकावं लागतं. म्हणून आजीचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही.

गंमत अशी, की आजीच्याच श्रद्धेतून अगदी उलट निष्कर्ष काढणारा माणूस तार लावण्याच्या शास्त्राचा मूळपुरुष आहे. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने दात सरळ करण्याच्या विद्येला स्वतंत्र शाखेचं रूप दिलं. त्याचं मत असं, की निसर्गाच्या योजनेत ३२ दातांना जागा आहेच. दात काढणं म्हणजे ती योजना मोडणं. दात योग्य जागी नेऊन बसवले, की त्यांच्याभोवती हाड आपोआप तयार होईल. त्याच्याच काळातल्या कॅल्विन केस या दंतवैद्याला हे पटत नव्हतं. काही जबड्यांत जागा नसतेच, तिथे दात काढावेच लागतात, असं तो म्हणे. १९११ साली यावर मोठा वाद रंगला. अँगल १९३० साली गेला. पुढे त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड आपले जुने पेशंट तपासू लागला, तेव्हा कित्येकांचे दात पुन्हा वाकडे झालेले किंवा पुढे आलेले दिसले. त्याने त्यांतल्या अनेकांच्या दाढांपुढचे दात काढून पुन्हा उपचार केले.

आजी म्हणते, देवाची योजना आहे, हात लावू नका. अँगल म्हणायचा, योजना आहे, म्हणून ती पुरी करा. योजना कुठे लिहिली आहे, हे दोघांनीही पाहिलं नव्हतं. मला विचाराल तर ती लिहिलेली असते हाडात, आणि प्रत्येकाच्या हाडात वेगळी.

तारेचा दाब आला की दाताच्या पुढचं हाड विरघळतं आणि मागे नवं भरत जातं. महिन्याला साधारण १ मिलिमीटर, एवढीच ही चाल. म्हणजे देह बदलाला नाही म्हणत नाही. जबड्याचं हाड तर जन्मभर स्वतःला मोडत आणि घडवत असतं. आजीचं ‘हालवू नका’ इथेच सुटतं. पण खालच्या पुढच्या दातांसमोर हाडाची भिंत अनेकांत १ मिलिमीटरहूनही पातळ असते, काहींत ती जागोजागी नसतेच. दात त्या भिंतीबाहेर ढकलला, तर बाहेरच्या अंगाला नवं हाड येईल याचा भरवसा नाही. मग मुळावर उरते ती नुसती हिरडी. ती पातळ असेल, तारेभोवती कीटण साचत असेल, वर कडक ब्रशने घासाघीस असेल, तर ती हळूहळू खाली उतरते; कधी तार निघाल्यावर काही वर्षांनी. तार लावली की हिरडी सरकतेच, असं मुळीच नाही. पण सरकली तर गेलेलं हाड आपसूक परत येत नाही. अँगलचा भरवसा इथे सुटतो.

माझं माहेर अमळनेर. त्या एका गावात देहाबद्दल दोन तऱ्हांचं बोलणं ऐकत मी वाढले. प्रताप शेठांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी आधी तिथेच शिकायला आले, मग गावात शिक्षक झाले. मलकानींसारखे अभ्यासक तिथे वर्षानुवर्षं अद्वैतावर लिहीत राहिले. आणि बोरी नदीकाठी सखाराम महाराजांची वाडी, वैशाखातली यात्रा, टाळ-मृदंग. एकीकडे देह म्हणजे मी नव्हे. दुसरीकडे त्याच देहाने नाचत नाम घ्यायचं.

देह मी नव्हे, तर मग हिरडीची एवढी उठाठेव कशाला? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी देहाचे धर्म आपण स्वतःवर कसे लादतो ते दाखवलं आहे: मी लठ्ठ, मी कृश, मी गोरा. माझ्या खुर्चीत बसलेल्या मुली म्हणतात, मी वाकड्या दातांची. पण हे वाक्य त्यांनी स्वतः जुळवलेलं नसतं. पाहायला आलेल्या पाहुण्यांनी ते त्यांच्या तोंडी घातलेलं असतं. मंगळवारी अमळनेरच्या मंगळ ग्रह मंदिरात मुलीच्या पत्रिकेतल्या मंगळाची शांती करून तसेच धुळ्याला दातांसाठी येणारे आईबाप मी पाहिले आहेत. ग्रह आणि दात, दोन्ही लग्नाआधी सरळ व्हायला हवेत.

अशीच एक एकोणीस वर्षांची मुलगी जळगावहून माझ्याकडे पाठवली होती. खालचे चार दात एकावर एक चढलेले. हिरडी इतकी पातळ, की तपासायला आत घातलेली सळई बाहेरून दिसत होती. लग्न सहा महिन्यांवर. वडील म्हणाले, “डॉक्टर, तेवढ्यात बसवा. मग पुढचं पुढे पाहू.” दात ओळीत आणायला ते पुढे ढकलणं हाच जवळचा रस्ता होता, आणि तोच धोक्याचा.

मी त्यांच्याशी सराफ बाजाराच्या भाषेत बोलले. देह ही ठेव आहे. व्याज हवं तसं खर्चा, मुद्दल मोडू नका. हाड हे मुद्दल. एकनाथांनी भागवतावरच्या टीकेत देह टाकून देण्याच्या लायकीचाही ठरवला नाही आणि लाड पुरवण्याच्या लायकीचाही. मला तरी त्याचा अर्थ हाच लागतो.

सरकलेली हिरडी पुढे पाहू म्हणून टाकता येत नाही. टाळूतला तुकडा काढून ती झाकता येते, पण किती झाकली जाईल हे दातांमधलं हाड ठरवतं. १९८५ साली मिलर या दंतवैद्याने केलेलं सरकलेल्या हिरड्यांचं वर्गीकरण याच गोष्टीवर उभं आहे. मधलं हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकण्याची आशा, नसेल तर नाही. टाळूची कातडी वरून तशीच लावली, तर ती नव्या जागी जगते, पण बहुधा रंगाने फिकीच राहते.

म्हणून मी दोन वाटा सांगितल्या. आधी हिरडी जाड करून घ्यायची, मग सावकाश तार, आणि लग्न तारेसकट. किंवा कीटण काढायचं, मऊ ब्रश धरायचा आणि दात आहेत तसे ठेवायचे. वडील काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, “तारेसकट चालेल का, ते मी त्यांनाच विचारते.” घरात हा प्रश्न तोवर कुणाला सुचला नव्हता. ठेव कुणाची, हे त्या खोलीत तिने पहिल्यांदा सांगितलं.

मग माझं लक्ष तिच्या आईकडे गेलं. वर्षानुवर्षं मशेरी लावून काळवंडलेल्या हिरड्या, पुढच्या दातांची मुळं उघडी. गार लागतं का, विचारलं. “लागतं, पण आता काय त्याचं!” देवाने दिलं ते गोड मानावं, हा उपदेश आमच्याकडे दातांच्या बाबतीत फक्त म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकांना लागू होतो. लग्नाच्या मुलीला तो कुणी करत नाही. ज्या समाधानात स्वतःची तपासणीच बसत नाही, त्याला मी अध्यात्म म्हणणार नाही. ती हयगय आहे, फक्त तिला देवाचं नाव दिलेलं आहे.

म्हणून आजीला माझं उत्तर असं: हालवायला हरकत नाही, हाड परवानगी देईल तेवढंच हालवू. आणि जे हालवायचं नाही, त्याचीही निगा राखू. त्या दिवशी मुलीच्या केसपेपरच्या खाली मी आईचा केसपेपर काढला आणि वडिलांना सांगितलं, पुढच्या वेळी दोघींना घेऊन या.