अंगाराही, औषधही

गाणगापूरला दत्ताच्या आरतीच्या वेळी घुमणारी, किंचाळणारी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना शेजारी उभे असलेले नातेवाईकही आठवत असतील. लेकीचा पदर मुठीत घट्ट धरून उभी असलेली आई. तिला अडाणी ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. घरातलं माणूस रात्र रात्र झोपत नाही, एकटंच बडबडतं, ताटात विष कालवलंय म्हणतं, तेव्हा घरचे जिथं दार उघडं असेल तिथं जातात. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ बहुधा नसतो, देवस्थान असतं. शिवाय डॉक्टरची पायरी चढली की ‘वेडी’ असा शिक्का बसतो. ‘बाहेरचं आहे’ म्हटलं की दोष तिचा राहत नाही.

पण या आधाराचा कुठं कुठं कोंडवाडाही झाला. तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याभोवती मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी घरं उभी राहिली होती. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे त्यातल्या एकाला आग लागली आणि 28 जण होरपळून मेले. त्यांना पळता आलं नाही, कारण ते साखळीनं बांधलेले होते. बरं वाटावं म्हणून घरच्यांनीच त्यांना तिथं आणून सोडलं होतं.

यानंतर दर्गे बंद करा, अशी मागणी होणं साहजिक होतं. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात मात्र वेगळा मार्ग निघाला. ‘दवा-दुआ’ हे त्याचं नाव. मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं, डॉक्टर दर्ग्याच्या आवारातच बसू लागले. मुजावर दुआ करतो आणि त्याच तोंडानं सांगतो, डॉक्टरलाही दाखवून घ्या. तो सांगतो म्हणून लोक ऐकतात. आपल्या भगतांनी, महाराजांनी, कीर्तनकारांनी हे एक वाक्य उचललं, तर किती घरं वाचतील!

याउलट ‘गोळ्या बंद करा, नामस्मरण वाढवा’ असं सांगणाऱ्याला मी धार्मिक मानत नाही. नैराश्यानं खचलेल्या माणसाला ‘तुझी श्रद्धाच कमी पडली’ म्हणणं हे तर पाप आहे. आधीच स्वतःला दोष देणाऱ्या जिवावर देवाच्या नावानं आणखी एक दोष लादायचा! भजनी मंडळ, वारी, सणवार यांनी एकट्या पडलेल्या माणसाला चार माणसं दिली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सोबत वेगळी आणि उपचार वेगळा.

डॉक्टरांनाही एक सांगायचं आहे. मनगटावरचा गंडा बाहीखाली झाकत पेशंट समोर बसतो, तेव्हा तो तुमच्या रागाला भ्यालेला असतो. ‘आधी हे काढून या’ म्हटलं की तो पुन्हा येत नाही. गंडा राहू द्या, गोळी सुरू करा.

मनोरुग्णाला साखळीनं बांधायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनाई केली आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणं महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. घरात कुणाचं मन ठीक नसेल तर देवाला नारळ जरूर फोडा, पण त्याच दिवशी 14416 या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोनही करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.