रंग बदलणारा ससा

मानपूरला आमच्या घरामागे माळ संपतो आणि विंध्याचा उतार सुरू होतो. संध्याकाळी तिथे कधीमधी ससा दिसतो. मातकट अंग, लांब कान. बारा महिने तोच रंग.

यंदा सुट्टीत इंदूरहून नात आली. मी मराठीत विचारले, तिने हिंदीत उत्तर दिले. मी चिडून म्हणालो, "रंग बदललास हं!" पोर हिरमुसली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

रंग बदलणे म्हणजे बेइमानी, हे आपण सरड्यावरून ठरवून टाकले आहे. पण कॅनडा-अलास्कातला हिमससा उन्हाळ्यात भुरा असतो आणि हिवाळ्यात पांढराशुभ्र होतो. त्याला कोणी ढोंगी म्हणत नाही. खोड त्याच्या बदलण्यात नाही, वेळेत आहे. त्याची लव बर्फ पाहून नव्हे, तर दिवसाच्या लांबीवरून पालटते. आता बर्फ उशिरा पडतो, लवकर वितळतो. मग पांढरा ससा उघड्या मातीवर शत्रूच्या नजरेस पडतो.

मला त्यात मीच दिसलो. माझ्या लहानपणी आळीत चार मराठी घरे होती. तो बर्फ कधीच वितळला. माझे पंचांग मात्र जुनेच!

आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचे काही हिमससे हिवाळ्यातही भुरेच राहतात. २०१८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हा भुरेपणा त्यांच्यात शेजारच्या काळ्या शेपटीच्या सशाशी फार पूर्वी झालेल्या संकरातून आला. शेजाऱ्याकडून घेतले, त्यावर तगले, आणि तरी हिमससेच राहिले.

इथे कोणी म्हणेल, सशाला निवड नसते, माणसाला असते. खरे आहे. सगळेच उसने घेतले तर आपले काय उरले, हा प्रश्न मलाही रात्री झोपू देत नाही. पण त्याचे उत्तर मी नातीकडे मागत होतो. मी तिला आजवर किती मराठी दिली? "जेवलीस का", "अभ्यास कर", एवढीच. ज्याने दिले नाही, त्याला मागण्याचा हक्क कुठला?

त्या रात्री मी तिला भित्र्या सशाची गोष्ट सांगायला घेतली. पाठीवर पान पडले आणि तो आभाळ पडले म्हणून पळत सुटला, तिथे मी थांबलो.

ती अंधारात म्हणाली, "फिर?"

मी पुढे सांगू लागलो, मराठीतच.