पौर्णिमेच्या भर दुपारी हरिहरेश्वर?

बसा सगळे. गाडी ठरवायला जो गेलाय त्यालाही फोन करून बोलवा. त्याच्याशिवाय सुरू करणार नाही.

तुमचा कागद मी वाचला. शुक्रवारी रात्री मूर्तिजापूरहून निघायचं, कारंजाला समृद्धी धरायची. शनिवारी सकाळी दिवेआगर, दुपारी बाराला हरिहरेश्वर, रात्री गणपतीपुळे. रविवारी मार्लेश्वर, कुणकेश्वर, मालवण. सोमवारी सिंधुदुर्ग किल्ला, कोल्हापूरची अंबाबाई, मग पंढरपूर, आणि मंगळवारी सकाळी पोरं शाळेत. सोबत चार म्हाताऱ्या, तीन लहान मुलं आणि एकच ड्रायव्हर. हे नियोजन आहे? देवांची नावं एकाखाली एक लिहिली आणि समोर घड्याळाचे आकडे टाकले, झालं?

शनिवारी कोणती तिथी आहे, हे कुणी पाहिलं? पाहिलं ते फक्त पुण्यासाठी. त्रिपुरी पौर्णिमा आहे, चांगला दिवस आहे, दर्शन घडेल. त्याच पंचांगात समुद्राचं वेळापत्रकही असतं, हे मी याच गावात फळ्यावर लिहून शिकवलं होतं. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता भरती पूर्ण होते. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. पौर्णिमा पंधरावी. पंधराची पाऊणपट किती? सव्वाअकरा. ठिकाणाप्रमाणे तासाभराचा फरक धरा. म्हणजे तुम्ही बारा वाजता हरिहरेश्वरला पोचाल तेव्हा भरती जवळपास पूर्ण चढलेली असेल, आणि पौर्णिमेची म्हणून उधाणाची असेल. परीक्षेत हे गणित सोडवून तुम्ही गुण घेतलेत. मायला घेऊन जायची वेळ आली तेव्हा ते गुण कुठे गेले?

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा गावातल्या देवळाभोवतीची प्रदक्षिणा नाही. देवळामागून डोंगरावर चढायचं, मग कड्याच्या फटीतून पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकांवर यायचं आणि पाण्याच्या कडेनं वळसा घालून परत. खडक लाटांनी झिजून जाळीदार झालाय, शेवाळलेला आहे. ओहोटीला ही वाट मोकळी असते. भरतीला ती पाण्यात जाते. तिथून माणसं वाहून गेलेली आहेत. गावातले लोक ओरडून सांगतात, आणि लांबून आलेले लोक म्हणतात, 'एवढ्या लांबून आलो, आता प्रदक्षिणा टाकून कसे जाऊ?' तुम्हीही हेच म्हणाल. मला तुमची हीच भीती वाटते.

आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला पाणी ठाऊक आहे ते पूर्णेचं. वर पाऊस झाला की पूर येतो, ओसरला की काळजी मिटते. समुद्राला पाऊस लागत नाही. निरभ्र आकाशाखाली तो रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो. आणि उधाण नसलं म्हणजे समुद्र सुरक्षित, असंही धरू नका. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी चंद्र अर्धा होता. तरणीताठी पोरं होती ती. गणपतीपुळ्याचा किनाराही तसाच फसवा आहे, चार पावलांवर एकदम खोल होतो, आणि पाण्यात ओढ असते. तिथे मंदिरासमोरच समुद्र आहे म्हणून तुमची पोरं दर्शनाच्या रांगेतून सुटून थेट पाण्यात धावतील. त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार, हे कागदावर नावानिशी लिहा. 'सगळे ठेवू' म्हणजे कुणीच नाही.

आता रस्ता. मोबाईलनं हरिहरेश्वर ते गणपतीपुळे किनाऱ्याचा रस्ता दाखवला आणि तुम्ही तो उतरवून घेतला. त्या रस्त्यात तीन खाड्या आडव्या येतात. बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला फेरीबोटीत गाडी चढवावी लागते. बोटीची वाट पाहावी लागते, आणि रात्री उशिरा ती मिळेल असं धरून चालता येत नाही. शेवटची बोट चुकली तर म्हाताऱ्यांना घेऊन कोणत्या धक्क्यावर बसणार? महामार्गानं चिपळूण, संगमेश्वर, निवळी असं गेलात तर खाड्या टळतील, पण घाटवळणं आहेत आणि तो रस्ताही दिवसाउजेडीच करायचा आहे.

आणि पहिल्या रात्रीचं काय? मूर्तिजापूर ते दिवेआगर सातशे किलोमीटरच्या वर. एक ड्रायव्हर रात्रभर चालवणार आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवसभर? १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. आपल्याच भागातले लोक त्या रस्त्यानं रोज जातात, म्हणून ते विसरायचं नसतं. पैसे वाचवायचे असतील तर एक देऊळ कमी करा, दुसरा ड्रायव्हर कमी करू नका. त्यापेक्षा रेल्वेनं मुंबई किंवा पनवेल गाठा, गाडी तिथून घ्या. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, म्हणून आज बसून तारीख ठरवा.

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते वेगळंच. आपल्या तालुक्यातलं दापुरे गाव, तिथे मामाकडे गाडगेबाबा वाढले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, देऊळ बांधलं नाही. दर्शनाला आलेल्या गरिबाची पाठ कुठे टेकेल, त्याला भाकर कुठे मिळेल, याची काळजी त्यांनी वाहिली. आणि त्याच तालुक्यातले तुम्ही, तुमच्या कागदावर चार दिवसांत मायला आडवं व्हायला एक दुपार नाही. मार्लेश्वरला शेकडो पायऱ्या आहेत. तिच्या गुडघ्यांना विचारलं का? ती नाही म्हणणार नाही. तिनं जन्मभर तुम्हाला कशालाच नाही म्हटलं नाही. म्हणून तर तिच्या वाटचा विचार तुम्ही करायचा असतो.

तर हा कागद रद्द. मालवण, कोल्हापूर, पंढरपूर या वेळी नाही. हरिहरेश्वर आणि गणपतीपुळे, दोनच मुक्काम, प्रत्येक ठिकाणी दोन रात्री. पौर्णिमा सोडा, कृष्ण पंचमीला हरिहरेश्वर धरा. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी साडेनऊच्या सुमारास. खडक उघडे असतील, ऊन कोवळं असेल, मायला सावकाश पाय टाकता येईल. तरीही आदल्या संध्याकाळी गावातल्या कोळ्याला विचारा आणि तो नाही म्हणाला तर देवळातूनच हात जोडा.

उद्या संध्याकाळी नवा कागद घेऊन या. प्रत्येक दिवसापुढे तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, आणि कोणत्या मुलाचा हात कुणाच्या हातात, हे लिहिलेलं पाहिजे. तोवर गाडीचा इसार कुणी द्यायचा नाही.