रथ जमिनीला कधी टेकला?



आजचा श्लोक गीतेच्या सतराव्या अध्यायातला, पंधरावा. भगवंत वाणीचं तप सांगतात. आपलं बोलणं कुणाला टोचू नये, ते खरं असावं, गोड असावं आणि समोरच्याच्या हिताचं असावं. वाचता वाचता मला आठवलं ते एक जुनं कॉमिक!

मी तेव्हा पाचवीत होतो. 'अमर चित्र कथा'चं महाभारत अंकाअंकाने निघत होतं. 1985 मध्ये सुरू झालेली ती मालिका 42 अंकांची. शाळेतून येताना स्टॉलवाल्या काकांना रोज विचारायचो, "काका, आला का?" शेवट ठाऊक होता, आजीने कितीदा सांगितलेला. तरी पुढचा अंक येईपर्यंत जीव टांगणीला.

एक अंक हुकला. तो शेजारच्या मित्राकडून वाचायला आणला आणि परत द्यावासाच वाटेना. मधल्या सुट्टीत त्याने विचारलं, "अंक तुझ्या घरी आहे ना रे?" मी म्हटलं, "घरी नाहीये." खरंच नव्हता. बाकावर, माझ्या दप्तरात होता.

अंक त्याच्या मोठ्या भावाचा होता. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याच्या रडण्याचा आवाज आला. मी अंक गादीखाली सरकवला. पुढच्या वर्षी ते लोक दुसरीकडे राहायला गेले.

मोठा झाल्यावर द्रोणपर्व वाचलं. अश्वत्थामा मेला हे युधिष्ठिर मोठ्याने म्हणतो, 'हत्ती' हा शब्द मात्र पुटपुटतो. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. शब्द खरे होते, पण ते फसवण्यासाठीच निवडले होते.

मग खोटं कधीच बोलू नये का? तर कर्णपर्वात श्रीकृष्णच कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतात. लपलेली माणसं कुठे आहेत ते त्याने दरोडेखोरांना खरं खरं सांगितलं. ती माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. म्हणजे नुसतं खरं बोलणं पुरत नाही. म्हणूनच श्लोकात 'खरं'च्या जोडीला 'हिताचं' आहे.

पण इथेच आपण पळवाट काढतो. "त्याला वाईट वाटू नये म्हणून नाही सांगितलं." खरंच त्याच्यासाठी? की आपली मान खाली जाऊ नये म्हणून? कौशिकाला आपलं व्रत जपायचं होतं, मला अंक जपायचा होता. समोरच्या माणसाचा विचार दोघांनीही केला नाही.

आता आपल्याकडे बघा. चप्पलही घातलेली नसते आणि आपण टाइप करतो, "निघालोय, पाच मिनिटांत पोचतो." ऑफिसात म्हणतो, "मेल अजून बघितला नाही." उघडला नाही हे खरं, पण वरचं नोटिफिकेशन वाचलेलं असतं! असा आपला रथ रोज थोडा थोडा खाली येतो.

तो अंक अजून माझ्याकडे आहे. शाळेच्या ग्रुपवर मित्राचा नंबर मिळाला. काल रात्री लिहिलं, "अरे, तुझा एक अंक चुकून माझ्याकडे राहिला." पाठवणार, तेवढ्यात थांबलो. 'चुकून'? पुन्हा तेच!

तो शब्द खोडला, दप्तराचं सगळं लिहिलं आणि पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

आजचा अभ्यास एवढाच. दिवसभरात एक मेसेज पाठवण्याआधी त्यातला 'चुकून' शोधा.

राम कृष्ण हरी!