इंजिन उघडलंय का?

बाबांची स्प्लेंडर सुरू केली की डावीकडून खडखड यायची. टायमिंग चेन सैल झाली होती. ‘जाड ऑइल टाक, आवाज दबेल, मग विकून टाक,’ शेजारचे काका म्हणाले. मी लालबागच्या आमच्या चाळीखाली दोन रविवार घालून चेन बदलली. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. एक दात चुकला तरी व्हॉल्व्हची वेळ बिघडते. खुणा तीनदा जुळवल्या.

गिऱ्हाइकाचा पहिलाच प्रश्न: ‘इंजिन उघडलंय का?’

गंमत बघा, दोष दाबणारा इथे ‘नाही’ म्हणून खरंच बोलतो. दुरुस्त करणारा अडकतो. मी ‘हो’ म्हटलं, जुनी चेन त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन हजार कमी केले. मला वाईट वाटलं, पण पटलं. माझ्या हातावर विश्वास ठेवायचा की नाही, हे गाडी चालवणाऱ्याने ठरवायचं.