चौकट आणि उपाधी

क्योतो येथे १८८९ साली हानाफुदा पत्त्यांपासून ज्या कंपनीच्या व्यवसायास आरंभ झाला, त्या निन्टेंडोने १९९० साली जपानात आणलेल्या आपल्या खेळयंत्राची तळहातावर मावेल अशी लघुप्रतिकृती २०१७ साली विक्रीस काढली, तेव्हा वरकरणी केवळ तांत्रिक भासणारा, परंतु पाहू गेल्यास निखळ तात्त्विक असा एक प्रश्न उपस्थित झाला. जुने खेळ ज्या दूरदर्शनसंचांसाठी रचले गेले त्यांचा पडदा चारास तीन या प्रमाणाचा. आजचा पडदा सोळास नऊ. १२८० बिंदू रुंद व ७२० बिंदू उंच अशा चित्रात खेळाने सगळी उंची व्यापली तरी रुंदीपैकी ९६० बिंदूच त्याच्या वाट्यास येतात, आणि उजव्या-डाव्या अंगास १६० बिंदूंचा एकेक पट्टा बेवारस उरतो.

या बेवारस मुलुखाच्या बंदोबस्तासाठी कंपनीने मोजक्या चौकटी यंत्रातच भरून दिल्या. तेवढ्याने ज्यांचे समाधान होत नाही ते हाकची नावाच्या साधनाने यंत्राच्या अंतरंगात शिरतात आणि स्वहस्ते रंगविलेली चौकट तेथे बसवितात. (हा उद्योग कंपनीच्या मंजुरीबाहेरचा आहे, त्याची मखलाशी करण्याचे मला प्रयोजन नाही.)

आता ही चौकट खेळाची की खेळाबाहेरची? कांटने १७९० साली सौंदर्यविचार मांडताना चित्राची चौकट, पुतळ्याची वस्त्रे आणि प्रासादाभोवतीचे स्तंभ एकाच वर्गात घातले, आणि केवळ झगमगाटाने चित्राची शिफारस करणारी सोनेरी चौकट खऱ्या सौंदर्यास बाधकच ठरते, असा निर्वाळा दिला. निर्वाळा करडा आहे, पण अपुरा. कारण चौकट कोणासाठी, हे त्यात विचारलेच नाही. तो विचार मला धर्मराजाध्वरीन्द्रांच्या ‘वेदान्तपरिभाषा’ या ग्रंथात अधिक सूक्ष्म आढळतो: वस्तूस इतरांहून वेगळे करून दाखविणारे काही तिच्याशी एकरूप होते, काही बाहेरच राहते. घटाचे रूप घटाबरोबर अनित्यतेतही सहभागी होते, म्हणून ते विशेषण. कानाची पोकळी आकाशाला वेगळे करून दाखविते, पण आकाशाच्या स्वरूपात शिरत नाही, म्हणून ती उपाधी. आणि मग येते ते मार्मिक विधान: एकच अंतःकरण भोगणाऱ्या जीवाच्या ठायी विशेषण, तर केवळ पाहणाऱ्या साक्षीच्या ठायी उपाधी.

चौकटीचेही नेमके असेच आहे. खेळाच्या दृष्टीने ती उपाधी. तिच्यावाचून त्याच्या एकाही बिंदूची हानी नाही. पण ज्याने बालपणीच्या संचाची लाकडी पेटी, तिची ती फिरती बटणे, वर अंथरलेला विणलेला रुमाल, हे सारे आठवून आठवून त्या पट्ट्यांत उतरविले, त्याच्या पाहण्यात ती चौकट विशेषण होऊन बसते. त्या काळी पडदा काठोकाठ भरत असे आणि पेटी आपोआप चौकट होई, म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही. आज ती चितारावी लागते, म्हणूनच दिसते. मूळ पेटी भंगारात गेली, तिचे चित्र मात्र पडद्यावर नांदते आहे, यास विटंबना म्हणावे की प्रतिष्ठापना, याविषयी माझे मन अद्याप दोलायमान आहे.

कोणी विरक्त म्हणेल, चौकटच नको, पट्टे काळे राहू द्यावेत. तसे करून पाहावे. मग चौकटीचे काम तो काळा रंग करू लागतो, त्यापलीकडे पडद्याची कड, त्यापलीकडे खोलीची भिंत, आणि भिंतीवर, खेळणाराने खेळताना एकदाही न पाहिलेली, त्याच्याच मस्तकाची सावली.